व्ही.पी. ते ‘स्मार्ट’ उपकरणे : दूरस्थ खरेदी आणि भारतीय ग्राहकाच्या वर्तनातील परिवर्तन – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत भारतीय ग्राहकाच्या खरेदीच्या पद्धतीत मूलगामी बदल घडून आला. दुकानाची पायरी न चढता, विक्रेत्याचा चेहरा न पाहता आणि नोटांना हात न लावता वस्तू घरपोच मिळू लागली. या बदलाचे वर्णन करताना अभ्यासक व प्रसारमाध्यमे ‘क्रांती’ हा शब्द सर्रास वापरतात. तथापि इतिहासाच्या दृष्टीने पाहिल्यास, न पाहिलेल्या विक्रेत्याकडून न पाहिलेली वस्तू मागविण्याचा व्यवहार भारतीयांना नवा नाही. टपाल खात्याने १८७७ साली सुरू केलेल्या ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’, म्हणजेच ‘व्ही.पी.’ पद्धतीपासून त्याचा सलग मागोवा घेता येतो. त्यामुळे आजच्या बदलात खरोखर नवीन काय आहे, हा प्रश्न अधिक नेमकेपणाने विचारणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) भारतातील दूरस्थ खरेदीच्या विकासाचे प्रमुख टप्पे निश्चित करणे.
२) प्रत्येक टप्प्यावर व्यवहारातील जोखीम कोणी वाहिली, याचा शोध घेणे.
३) स्मार्टफोन व आंतरजालाशी जोडलेल्या उपकरणांमुळे ग्राहकाच्या निर्णयप्रक्रियेत झालेला बदल या पार्श्वभूमीवर तपासणे.

दूरस्थ खरेदीचा विस्तार केवळ तंत्रज्ञानामुळे झाला नाही. ग्राहकाला वस्तू नाकारण्याची संधी जेव्हा जेव्हा मिळाली, तेव्हा तेव्हा तो झाला, हे या निबंधाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आणि कायदे व नियमांचा आधार घेतला आहे.

१. पारंपरिक बाजारातील ग्राहक :

महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी जीवनात खरेदीची तीन ठिकाणे होती : आठवडी बाजार, गावातील वाण्याचे दुकान आणि दारावर येणारा फेरीवाला. तिन्ही ठिकाणी वस्तू पाहून, हाताळून, पारखून घेतली जात असे. ज्वारी मुठीत घेऊन पाहणे, मडके वाजवून पाहणे, लुगड्याचा पोत बोटांनी चाचपणे या क्रिया खरेदीचा अविभाज्य भाग होत्या. किंमत घासाघीस करून ठरत असे आणि ‘नको’ म्हणून उठून जाण्याची मुभा हेच ग्राहकाचे मुख्य बळ होते.

वाण्याशी असलेला संबंध मात्र याहून गुंतागुंतीचा होता. उधारीच्या वहीत घरोघरची गरज, सुगीचा हंगाम, लग्नकार्य, आजारपण या साऱ्यांची नोंद अप्रत्यक्षपणे होत असे. कोणत्या घरी कोणता चहा लागतो आणि कोणाचे पैसे केव्हा येतात, हे वाण्याला ठाऊक असे. ग्राहकाविषयी माहिती साठविणे ही आधुनिक कंपन्यांची निर्मिती नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. फरक एवढाच की ही माहिती परस्पर होती. वाणी ग्राहकाला ओळखत असे, तसा ग्राहकही वाण्याचे घर, त्याचे वजनमाप आणि त्याची दानत ओळखून असे. या संबंधात शोषणही होते. उधारीत अडकलेल्या कुटुंबाला दुकान बदलण्याचे स्वातंत्र्य उरत नसे. म्हणून पारंपरिक बाजाराला आदर्श मानणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु कोण कोणाला किती ओळखतो, हा प्रश्न पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

२. व्ही.पी. : विश्वासाची पहिली संस्था :

१८५३ मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८५४ मध्ये देशभर अर्ध्या आण्याचा एकसमान टपालदर लागू झाला. अंतराचा अडथळा त्यामुळे कमी झाला. विश्वासाचा अडथळा मात्र कायम राहिला. मुंबईच्या व्यापाऱ्याला सोलापूरचा ग्राहक पैसे देईल याची खात्री नव्हती आणि सोलापूरच्या ग्राहकाला मुंबईचा व्यापारी माल पाठवील याची खात्री नव्हती. १८७७ च्या व्ही.पी. पद्धतीने ही कोंडी फोडली. पोस्टमनने पार्सल घरी न्यावयाचे, किंमत वसूल करून मगच ते ताब्यात द्यावयाचे आणि ती रक्कम विक्रेत्याकडे पोचती करावयाची, अशी ही व्यवस्था होती. १८८० पासून टपाल खात्याने मनिऑर्डरचे कामही हाती घेतल्याने पैशाच्या वहनाची साखळी पूर्ण झाली.

या पद्धतीचा मराठी समाजजीवनावर झालेला परिणाम पुरेसा अभ्यासला गेलेला नाही. पुस्तके, औषधे, घड्याळे, शिवणयंत्रांचे सुटे भाग अशा वस्तू वृत्तपत्रीय जाहिराती वाचून मागविल्या जाऊ लागल्या. नियतकालिकांची वार्षिक वर्गणी व्ही.पी.ने वसूल करण्याची प्रथा रूढ झाली. जेथे पुस्तकाचे दुकान नव्हते तेथेही वाचक निर्माण झाला, त्याचे श्रेय काही अंशी या पद्धतीला द्यावे लागते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले. कारखान्याचे मुखपत्र म्हणून निघालेले हे नियतकालिक पुढे मराठी मध्यमवर्गाचे आवडते मासिक बनले. उत्पादक आणि दूरचा ग्राहक यांच्यात छापील शब्दाने नाते जोडले गेल्याचे हे ठळक उदाहरण होय.

व्ही.पी.ची खरी शक्ती नकारात होती. पार्सल दारात आल्यावर ग्राहक ते परत पाठवू शकत असे. ‘व्ही.पी. परत आली’ ही संपादक व पुस्तकविक्रेते यांची नेहमीची तक्रार होती, कारण जाण्यायेण्याचा खर्च त्यांच्या माथी पडत असे. दुसऱ्या बाजूस पैसे भरण्यापूर्वी पार्सल उघडून पाहण्याची मुभा ग्राहकाला नव्हती. त्यामुळे भपकेबाज जाहिरात आणि आत भलताच माल असे प्रकार घडत. न मागविलेल्या वस्तू व्ही.पी.ने पाठविल्या जाऊ नयेत म्हणून, खऱ्याखुऱ्या मागणीवरूनच माल पाठवीत असल्याचे घोषणापत्र विक्रेत्याकडून घेण्याची तरतूद करण्यात आली. फसवणूक आढळल्यास वसूल केलेली रक्कम ग्राहकास परत देण्याचीही तजवीज झाली. म्हणजेच दूरस्थ खरेदीतील ‘संमती’चा प्रश्न संगणकापूर्वी कितीतरी आधी भारतीय कायद्यापुढे आला होता. ज्या १८९८ च्या भारतीय टपाल अधिनियमात व्ही.पी.संबंधीच्या तरतुदी होत्या, त्याची जागा १८ जून २०२४ पासून नव्या टपाल अधिनियमाने घेतली आहे.

३. ग्राहक चळवळ आणि सामूहिक खरेदी :

स्वातंत्र्योत्तर काळात टंचाई, भेसळ व साठेबाजी यांनी ग्राहक हैराण झाला होता. या परिस्थितीत मुंबईत १९४८ साली ‘अपना बाजार’ ही सहकारी संस्था उभी राहिली. पुढे १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले, तर १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरण पद्धतीत शेजारी राहणाऱ्या कुटुंबांचे गट तयार केले जात. गटातील कुटुंबे महिन्याची मागणी कागदावर नोंदवीत, पंचायत घाऊक खरेदी करी आणि माल गटापर्यंत पोचवून कुटुंबांत वाटला जाई.

या पद्धतीतही ग्राहक वस्तू प्रत्यक्ष पाहून निवडत नव्हता. जाहिरात नव्हती, दुकान नव्हते, काऊंटरही नव्हता. तरीही ती यशस्वी झाली, कारण जोखीम गटाने वाटून घेतली होती. शिवाय मागणीपत्रक भरताना महिन्याच्या गरजांचा विचार अगोदर करावा लागे. घरात काय शिल्लक आहे, काय खरोखर हवे आहे, याचा हिशेब हा खरेदीचाच भाग बनला. विक्रीचे तंत्र ग्राहकाच्या विवेकाला पूरक असू शकते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. याच चळवळीच्या पार्श्वभूमीवर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा अस्तित्वात आला.

४. आंतरजालावरील खरेदीचा आरंभ :

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. १९९९ मध्ये बंगळूर येथे ‘फॅबमार्ट’ व २००० मध्ये मुंबईत ‘बाझी डॉट कॉम’ ही संकेतस्थळे सुरू झाली. त्याच वर्षी संमत झालेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना कायदेशीर मान्यता दिली. तरीही सुरुवातीची काही वर्षे ग्राहक फारसा वळला नाही. संगणकांची अल्प संख्या व मंद जोडणी ही कारणे खरी होती. परंतु ‘पैसे आधी, वस्तू नंतर’ ही अट भारतीय ग्राहकाला अडचणीची वाटत होती, हे कारणही तितकेच महत्त्वाचे होते.

या काळात काय विकले गेले, यावरून हे स्पष्ट होते. ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वेच्या तिकिटांची ऑनलाइन विक्री सुरू झाली व तिने लाखो भारतीयांना संगणकावरून पैसे भरण्याची सवय लावली. तिकीट पारखून घ्यावे लागत नाही आणि विक्रेता प्रत्यक्ष रेल्वे खाते असल्याने विश्वासाचा प्रश्न उद्भवत नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लिपकार्ट’नेही आरंभी पुस्तकेच विकली. पुस्तकाची प्रत कोठेही घेतली तरी तीच असते, म्हणून व्ही.पी.च्या युगात जी वस्तू अग्रभागी होती, तीच येथेही अग्रभागी राहिली.

ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाद्वारे होणाऱ्या ऑनलाइन खरेदीसाठी अतिरिक्त पडताळणी बंधनकारक केली. २०१० मध्ये फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ पद्धत स्वीकारली आणि ऑनलाइन खरेदीचा खरा विस्तार येथून सुरू झाला. ही पद्धत म्हणजे व्ही.पी.चाच पुनर्जन्म होता : वस्तू दारात, पैसे दारात आणि नकारही दारात. व्यवस्थापनाच्या लेखनात या पद्धतीकडे भारतीय ग्राहकाचे मागासलेपण म्हणून पाहिले गेले. इतिहास वेगळे सांगतो. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ अनोळखी विक्रेत्याशी व्यवहार करताना ग्राहकाने जी सावधगिरी अंगी बाणविली, तिचेच हे सातत्य होते.

५. स्मार्टफोन व तत्काळ खरेदी :

२०१६ हे वर्ष या इतिहासातील दुसरे वळण होय. एप्रिलमध्ये ‘यूपीआय’ प्रणालीची घोषणा झाली, सप्टेंबरमध्ये जिओच्या आगमनाने इंटरनेट स्वस्त झाले आणि ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीने रोख व्यवहारांना धक्का दिला. २०२० च्या टाळेबंदीत तर दुकानात न जाणे हीच सुरक्षितता ठरली. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयद्वारे दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीविक्रेत्याच्या गाडीवरील क्यूआर फलक हे आता शहरातच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही नित्याचे दृश्य आहे.

भाषेच्या अडसराकडेही या काळात लक्ष वेधले गेले. मोठ्या खरेदी संकेतस्थळांवर मराठी असावी, या मागणीसाठी २०२० मध्ये महाराष्ट्रात आंदोलन झाले आणि २०२१ मध्ये ॲमेझॉन व फ्लिपकार्ट या दोन्ही कंपन्यांनी मराठी उपलब्ध करून दिली. स्वतःच्या भाषेत अटी वाचता येणे ही केवळ सोय नसून संमतीची पूर्वअट आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

स्मार्टफोनमुळे खरेदीची जागा नाहीशी झाली, तशी वेळही नाहीशी झाली. पूर्वी बाजाराचा वार ठरलेला असे, वाणसामानाची यादी महिन्याची असे. काही मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या सेवांमुळे मोठ्या शहरांत यादी करण्याची गरजच उरलेली नाही. कोथिंबीर संपली की कोथिंबीर मागवावयाची, असा क्रम झाला. वृद्ध, अपंग व नोकरदार स्त्रिया यांना या सेवांचा मोठा आधार मिळाला, हे नाकारता येत नाही. परंतु मागणीपत्रक भरताना होणारा हिशेब मात्र लोपला. २०२२ मध्ये आलेल्या ‘यूपीआय लाइट’मध्ये लहान रकमेसाठी पिनही द्यावा लागत नाही. इच्छा आणि खर्च यांच्यातील अंतर असे टप्प्याटप्प्याने कमी होत गेले.

६. ‘स्मार्ट’ उपकरणे : निर्णयाचे हस्तांतर :

आंतरजालाशी जोडलेल्या घरगुती उपकरणांनी या प्रक्रियेला पुढील पायरीवर नेले. अमेरिकेत २०१५ मध्ये ॲमेझॉनने ‘डॅश बटन’ आणले. कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी चिकटविलेले हे बटन दाबले की साबणाची मागणी नोंदविली जात असे. पुढच्याच वर्षी शाई संपत आली की स्वतःच मागणी नोंदविणारी मुद्रणयंत्रे आली. ग्राहकाने एकदा मान्यता दिली की पुढील निर्णय यंत्राचा. मात्र जानेवारी २०१९ मध्ये म्यूनिच येथील उच्च न्यायालयाने डॅश बटन ग्राहक कायद्याशी विसंगत ठरविले. कारण बटन दाबताना किंमत दिसत नाही व ही पैसे देण्याची मागणी आहे याची पुरेशी जाणीव ग्राहकाला होत नाही. त्याच वर्षी कंपनीने या बटनाची विक्री थांबविली.

भारतात ॲमेझॉनचे ‘इको’ हे ध्वनिआज्ञेवर चालणारे उपकरण ऑक्टोबर २०१७ मध्ये आले. २०१८ मध्ये ‘गूगल असिस्टंट’ मराठी बोलू लागले. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीला बोलून व्यवहार करता येणे ही मोठी उपलब्धी आहे. परंतु बोलून मागणी करताना दुकानाच्या फळीवरील दहा पर्याय डोळ्यांसमोर नसतात. उपकरण जे एक नाव सुचविते, तेच बहुधा निवडले जाते. निवड करण्याचे काम ग्राहकाकडून सुचविणाऱ्याकडे जाते, ते असे.

दुसरा बदल माहितीचा आहे. अमेरिकेतील ‘व्हिजिओ’ कंपनीचे दूरचित्रवाणी संच प्रेक्षक काय पाहतात याची नोंद त्यांच्या संमतीविना करीत असल्याचे उघड झाले व २०१७ मध्ये कंपनीने तडजोडीपोटी २२ लाख डॉलर भरले. वाण्याच्या वहीशी याची तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. वही दुकानात सर्वांसमोर असे व ग्राहक तिच्यातील आपले पान पाहू शकत असे. संचाने केलेली नोंद कोठे आहे, ती कोणाला विकली जाते, हे ग्राहकाला कळत नाही. ओळख एकतर्फी झाली आहे.

७. कायद्याचा प्रतिसाद :

भारतीय कायद्याने या बदलाची दखल टप्प्याटप्प्याने घेतली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या ठिकाणी तक्रार दाखल करण्याचा अधिकार दिला. दूरच्या विक्रेत्याशी होणाऱ्या व्यवहारात हा अधिकार अत्यंत मोलाचा आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार ग्राहकाची संमती स्पष्ट कृतीतूनच घ्यावी लागते. आधीच खूण केलेल्या चौकटींद्वारे ती गृहीत धरता येत नाही. व्ही.पी. पाठविणाऱ्याकडून घेतल्या जाणाऱ्या घोषणापत्राशी या नियमाचे साम्य उघड आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाद्वारे होणाऱ्या आवर्ती वसुलीपूर्वी किमान चोवीस तास अगोदर सूचना देणे बंधनकारक केले. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खोटी घाई निर्माण करणे, टोपलीत न मागितलेली वस्तू टाकणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकविणे अशा तेरा प्रकारच्या फसव्या रचनांना मनाई केली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत.

या संदर्भात एक घटना लक्षणीय आहे. वस्तू मिळाल्यावर पैसे देणाऱ्या ग्राहकांकडून जादा शुल्क आकारले जात असल्याच्या तक्रारींची तपासणी ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने हाती घेतली. जी पद्धत ऑनलाइन बाजाराच्या विस्ताराचा पाया ठरली, तिचाच अवलंब करणाऱ्याला आता दंड पडू लागला, असा याचा अर्थ होतो. जोखीम पुन्हा ग्राहकाकडे सरकविण्याची प्रवृत्ती यातून दिसून येते.

निष्कर्ष :

१) भारतातील दूरस्थ खरेदी ही इंटरनेटची निर्मिती नसून तिला १८७७ पासूनची अखंड परंपरा आहे. व्ही.पी. व ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ ही एकाच परंपरेची दोन रूपे होत.

२) प्रत्येक टप्प्यावर जोखीम वाहणारी एखादी संस्था पुढे आली, तेव्हाच ग्राहक पुढे आला. ती संस्था कधी टपाल खाते होती, कधी शेजाऱ्यांचा गट, कधी रेल्वे, तर कधी खाजगी कंपनी.

३) पूर्वीच्या सर्व पद्धतींत मागणी व देयक यांच्यामध्ये विचाराचा अवधी शिल्लक राहत असे. पोस्टमन येईपर्यंतचे दिवस, मागणीपत्रक भरण्याची संध्याकाळ, दारातील पार्सलपुढचा क्षण ही त्याची रूपे होती. स्मार्ट उपकरणांनी आणलेला खरा बदल हा अवधी संपुष्टात आणण्याचा आहे. वेग हे त्याचे बाह्य लक्षण होय.

४) ग्राहकाविषयीची माहिती पूर्वीही साठविली जात होती; मात्र ती परस्पर होती. आज ती एकतर्फी झाल्याने ग्राहकाची वाटाघाटीची शक्ती क्षीण झाली आहे.

५) संमती, पूर्वसूचना व माहितीचे संरक्षण यांविषयीचे नवे नियम म्हणजे हरवलेला अवधी कायद्याने परत मिळवून देण्याचा प्रयत्न होय. त्यांचे यश ग्राहकाच्या जागरूकतेवर अवलंबून राहील. महाविद्यालयीन विद्यार्थी हा या बाजारातील सर्वांत तरुण ग्राहक असल्याने ग्राहक शिक्षणाचा समावेश वाणिज्य शाखेपुरता मर्यादित न ठेवता सर्व शाखांच्या अभ्यासक्रमांत होणे गरजेचे आहे.

दारात आलेली व्ही.पी. नाकारणारा ग्राहक विक्रेत्याला त्रासदायक वाटत असे. तरीही त्या नकाराच्या शक्यतेनेच जाहिरातदाराला काही अंशी प्रामाणिक ठेवले होते. यंत्र मागणी नोंदवील, खाते रक्कम देईल आणि वस्तू दारात येईल, अशा काळात ‘नको’ हा शब्द उच्चारण्याची जागा ग्राहकाला कोठे उरते, हा केवळ अर्थशास्त्राचा प्रश्न नाही. नागरिकाच्या स्वातंत्र्याशी तो निगडित आहे आणि त्याच दृष्टीने त्याचा पुढील अभ्यास व्हावयास हवा.